पाण्यामागं धावणारी खोली

पोरांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही काठावर पाण्यात पाय सोडून बसलात आणि पाणीच हळूच मागं सरकलं. तुम्ही पुढं सरकलात, तर ते आणखी लांब गेलं. मग काय कराल? रुसून बसाल, की त्याच्या मागं पळाल?

माजलगावच्या धरणाकाठी राहणाऱ्या यशोधरेला अगदी हाच प्रश्न पडला होता. तिची आई चतुराबाई आणि गावातल्या बायांनी सोसायटी काढून काठावर दोन पक्क्या खोल्या बांधल्या होत्या. शहरातल्या पाहुण्यांनी यावं, दोन दिवस राहावं, भाडं द्यावं. दारावर पाटी होती, ‘खिडकी उघडा, पाणी बघा!’ त्यासाठी चतुराबाईनं बैलजोडी विकली होती. खोल्या चालल्या तर ऊसतोडीला जायचं नाही, यशीची शाळा चालू. नाही चालल्या तर सोमवारी सगळ्या घराला न्यायला मुकादमाचा ट्रॅक्टर दारात. यशीचं दप्तर आईनं भांड्यांच्या बोचक्यात बांधूनही टाकलं होतं.

पण त्या वर्षी पाऊस रुसला. आता खिडकी उघडली की दिसायचा भेगाळलेला गाळ, त्यावर एक कंटाळलेली शेळी, आणि लांबवर पाण्याची चकचकीत रेघ. आणि पहिले पाहुणे आज संध्याकाळी येणार होते!

“खोली बांधली, पण पाणी कुणी बांधलं व्हतं?” शेजारचे माणिकराव मिशीत हसले. “पाटी बदला. ‘खिडकी उघडा, शेळी बघा!’”

“तात्या, तुमी गप बसा,” सोसायटीच्या अध्यक्ष पारूबाई म्हणाल्या. पण त्यांचंही तोंड उतरलं होतं.

“मग खोलीच न्या की पाण्याकडं,” यशी म्हणाली.

“खोली काय शेळी हाय का गं, दावं धरून न्यायला?” माणिकराव म्हणाले.

“आपली कोपी न्हाई का जात? दरसाली जातीच की!”

उसाच्या फडावर गेलं की तासाभरात बांबू रोवून, चटया गुंडाळून राहायची झोपडी उभी करणाऱ्या बाया त्या! सिमेंटच्या नादात स्वतःचा हातच विसरल्या होत्या. आधी पारूबाई खुदकन हसल्या, मग सगळ्याच. दिवस मावळायच्या आत पाण्याला खेटून कोपी उभी. खाली कडब्याचा जाड थर, वर गोधड्या.

पाहुणे आले. त्यांच्या पोरांनी पक्क्या खोलीकडे बघितलंसुद्धा नाही, थेट कोपीत उड्या!

सकाळी ओरडा झाला, “पाणी पळालं!” खरंच, रातोरात ते चार पावलं मागं गेलं होतं. बाया धावत आल्या. एकेकीनं एकेक बांबू उपटून धरला. पाहुण्यांच्या पोरांनी चटया धरल्या. माणिकरावांच्याही वाट्याला एक कोपरा आला.

“हालू नको बे!” ते पाहुण्यावर खेकसले. आत पाहुणा अजून गोधडीत होता. कोपी त्याच्या डोक्यावरून तरंगत निघाली, तसा तो गोधडीसकट उड्या मारत तिच्या मागं पळाला. हसून हसून पारूबाई गाळात बसल्या.

“उद्याही सरकेल का?” पाहुण्यानं धापा टाकत विचारलं. “मग आम्ही आणखी दोन दिवस राहतो! माझ्या भावालाही बोलावतो!”

चतुराबाईनं मुकादमाला फोन लावला. “दादा, औंदा आमी न्हाई येत.”

यशीनं ते ऐकलं. ती घरी पळाली, बोचकं सोडलं, कढईखालून दप्तर ओढून काढलं आणि शाळेच्या वाटेला लागली. वाटेत पाण्यापाशी थांबली, एक वाळकी काडी काठावर रोवली आणि पाण्याला दटावलं, “मी शाळंतून येस्तोवर हितंच थांब. मग दोघं मिळून पळू!”