पेटंटवाला लाल दिवा

रविवारची प्रार्थना संपली, पण मिठावर जगणाऱ्या काचिपाम्पा गावात घरी कुणीच गेलं नाही. कामगार संघाच्या पत्र्याच्या सभागृहासमोर अख्खं गाव रांगेत उभं राहिलं. मीठ फोडणारे, मीठ दळणारे, पोती शिवणाऱ्या बायका. सगळ्यांचे हात पांढरे, भेगाळलेले, कायम दमट. ह्या गावात मीठ हाताला लागत नाही, हातात मुरतं.

आत टेबलावर एक चकचकीत पेटी होती. तिच्या दोन बाजूंना दोन धातूच्या मुठी आणि मधोमध बोराएवढा लाल दिवा. माणसानं दोन्ही मुठी धरल्या की दिवा भक्कन पेटायचा आणि सभागृहभर "आई गं!" असा उसासा उठायचा.

"बघून घ्या! तार नाही, प्लग नाही!" पांढऱ्या कोटातले इंजिनियर वाल्दिविएसो पेटी उचलून चारी बाजूंनी दाखवत होते. "मग दिवा लागतो कशानं? तुमच्या आजारानं! शरीर म्हणजे काय, बंधूंनो? बॅटरी! साखर, संधिवात, रक्तदाब, सगळं एकच. बॅटरी गळते! आणि गळती दिसते फक्त ह्या 'विदालित' नावाच्या यंत्राला! परदेशी लोक आपल्या पायाखालचं लिथियम नेतात आणि त्यावर मोटारी पळवतात. मी ह्याच मातीचं लेकरू. मी त्याच लिथियमवर माणसं पळवतो!"

टाळ्या कडाडल्या. कडाडणारच. कंपन्यांचे ट्रक वर्षानुवर्षं गावावरून जात होते आणि गावाला मिळत होती ती फक्त धूळ. आपलाही कुणी शोध लावतो, हे ऐकायला ती माणसं आसुसलेली होती. ठगाला नेमकं ठाऊक असतं, कुठं दुखतंय ते.

भिंतीवर, मेरीमातेच्या तसबिरीशेजारी, सोनेरी चौकटीत एक कागद टांगला होता. लाल फीत, मोठा शिक्का.

"पेटंट!" इंजिनियरनी बोट दाखवलं. "जैवतंत्रज्ञानाचं! खोट्या वस्तूवर सरकार शिक्का मारील का?"

"सरकार खोट्यावरच मारतं!" मागून म्हातारा ताता सेवेरो ओरडला. लोक हसले. इंजिनियरही हसले आणि हसता हसता त्यांनी त्याच्या हातात मुठी दिल्या. दिवा पेटला. ताताचं हसू विझलं.

रांगेतला प्रत्येक जण आधी त्या चौकटीच्या काचेला बोट लावायचा, मग कपाळाला. वाचलं मात्र कुणीच नाही. अक्षरं बारीक होती आणि चौकट उंचावर होती. देवासारखी.

नेमेसियाही त्या रांगेत होती. पोती शिवणारी, कमी बोलणारी बाई. तिच्या हाताला धरून अकरा वर्षांची लुस्मिला उभी होती. लुस्मिलाला साडेचार वर्षांपासून साखर होती. लहान पोरांना होते तसली, इन्शुलिनवाचून एक दिवस न चालणारी. शाळा सुटली की ती आईजवळ बसून पोत्यांची तोंडं बांधायची, त्यामुळे तिचेही हात पांढरेच.

आधी नेमेसियानं मुठी धरल्या, दिवा पेटला. मग लुस्मिलानं धरल्या. दिवा पेटला.

"साखर!" इंजिनियरनी डोळे मिटून सांगितलं. गावाला पोरीचा आजार माहीत होता. त्यांना तो सकाळीच कुणीतरी सांगितला असणार. पण सभागृहात शहारा गेला.

मग उपचार. तांब्याच्या पातेल्यातल्या 'जैवजलात' त्यांनी पोरीचे हात धुतले, शुभ्र टॉवेलनं बोटाबोटामधून कोरडे केले, मनगटावर 'लिथियमची पट्टी' बांधली. सातशे बोलिव्हियानोंची. आणि पुन्हा मुठी दिल्या.

दिवा लागला नाही.

"गळती बंद! आता सुया बंद! सुई टोचाल, तर बॅटरीला भोक पडेल!"

फाउस्टिनो, लुस्मिलाचा बाप, मिठाचा ट्रक चालवणारा आडदांड गडी, ढसाढसा रडला. नेमेसिया पोरीला रोज चार वेळा टोचायची, तेव्हा तो दर वेळी तोंड फिरवायचा. डोळे पुसत तो बाहेर धावला आणि बिअरची बाटली घेऊन आला.

"साहेब, थांबा. आधी यंत्राची चाल्या करू."

कुणालाच नवल वाटलं नाही. गावात नवी वस्तू आली की तिच्यावर बिअर शिंपडायची, थेंब आधी जमिनीला, धरणीमायेला, मग वस्तूला. त्यावाचून ट्रक हलत नाही की माग चालत नाही.

इंजिनियरनी पेटी झटकन छातीशी धरली. "नको नको! थेंबसुद्धा नको! जैविक यंत्र आहे, बाटेल!"

"शास्त्राचं सोवळं वेगळं असतं, बाबा," कुणीतरी समजुतीनं म्हणालं. फाउस्टिनोनं बाटली खाली घेतली.

नेमेसियाच्या मनात मात्र ते कुसळासारखं राहिलं. धरणीमायेचा थेंब ज्याला सोसत नाही, असलं कसलं हे यंत्र? पण ती बोलली नाही. पोरगी बरी झाली म्हणताना आईनं तोंड कुठल्या तोंडानं उघडायचं?

घरी येऊन फाउस्टिनोनं इन्शुलिनच्या पेना स्वच्छ फडक्यात बांधल्या आणि कोनाड्यात मेरीमातेच्या पायाशी ठेवल्या. "नवस फिटला, नेमे," तो म्हणाला. "आता बस." एरवी नेमेसिया आरोग्य केंद्रात विचारून आली असती. पण परिचारिका बेनिता लसी द्यायला दूरच्या वस्त्यांवर गेली होती, मंगळवारी येणार होती.

सोमवारी लुस्मिला सारखं पाणी मागू लागली. "बॅटरी भरतेय," फाउस्टिनो म्हणाला.

मंगळवार नेमेसियाचा व्रताचा. त्या दिवशी ती मिठाला शिवत नसे. पहाटे हात धुऊन भेगांत लामा जनावराची चरबी चोळायची, मेणबत्ती लावायची, दुपारपर्यंत निरंकार. दुपारी ती इंजिनियरकडे गेली. "साहेब, पोरीची तहान भागत नाही. तीनदा ओकली."

"मळ निघतोय. चांगलं लक्षण," इंजिनियर कोंबडीचं हाड चोखत म्हणाले. "तुमचीच तब्येत बघू. रविवारी तुमचा दिवा फार जोरात होता. मूत्रपिंडं! पट्टी मात्र घेतली नाहीत तुम्ही."

तिनं मुठी धरल्या.

दिवा लागला नाही.

इंजिनियर क्षणभर चावायचे थांबले. "हं. म्हणजे… तुमच्या लेकीच्या पट्टीचा गुण तुम्हालाही लागला. घरभर पसरतो तो!"

नेमेसिया तिथंच उभी राहिली. तिनं औषध घेतलं नव्हतं, पट्टी बांधली नव्हती. मग बदललं काय होतं? तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ होते. चरबीनं तुकतुकीत. मीठ नव्हतं त्यांवर.

ती बाहेर आली. दाराशी कुणाचं तरी मिठाचं ओलं पोतं टेकवलेलं होतं. व्रत मोडत होतं. "माय, क्षमा कर," असं पुटपुटत तिनं शालीच्या टोकानं हातांची चरबी रगडून पुसली आणि दोन्ही तळवे त्या ओल्या मिठात दाबले. मग ती आत आली आणि इंजिनियर 'अहो, अहो' म्हणेपर्यंत तिनं मुठी पकडल्या.

दिवा भक्कन पेटला.

"बघा! काळजीनं पुन्हा गळती सुरू झाली!" इंजिनियर म्हणाले.

 ती धावत सुटली.

घरी लुस्मिला भिंतीला टेकून धापा टाकत होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. नेमेसियानं तिच्या तोंडाशी नाक नेलं. सडक्या सफरचंदाचा वास. बेनितानं मागंच बजावलं होतं, हा वास आला की क्षणभर थांबायचं नाही. पेना कोनाड्यात होत्या. मातेच्या पायाशी ठेवलेलं परत उचलायचं? मग तिला वाटलं, हे औषध आधी मिळालं कुणाच्या कृपेनं? आणि कृपा काय अशी बांधून ठेवायची असते?

तिनं फडकं फाडूनच काढलं.

बेनिता तेवढ्यात गावात पोचली होती, हाक ऐकून ती धावत आली. तिनं बोट टोचून साखर मापली. यंत्रावर आकडाच आला नाही, नुसतं 'फार जास्त' एवढंच उमटलं. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. फाउस्टिनोनं शहराच्या रुग्णालयापर्यंत ट्रक सुसाट हाणला. वाटेत बेनिता म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर पोरीला खोक्यात घालून न्यावं लागलं असतं." तिनं हे मुद्दाम कठोर सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

चार दिवसांनी पोरगी धोक्याबाहेर आली. रविवार आला. आणि सभागृहासमोर पुन्हा रांग!

"बघितलंत, अविश्वासाचं फळ?" इंजिनियर सांगत होते. "मी बरी केलेली पोर! आईनं चोरून सुई टोचली आणि बॅटरी फुटली! आईनंच…"

"आईनं काय?"

आवाज मोठा नव्हता. नेमेसियाचा आवाज कधीच मोठा नसायचा. पण लोक बाजूला सरले. तिच्या हातात बिअरची बाटली होती. मागं फाउस्टिनो आणि बेनिता.

"मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "चाल्या करायला आलेय. गेल्या रविवारी राहून गेली."

"नेमेसियाबाई, मी सांगितलं ना, बाटेल…"

"अरे, बाटेल काय!" ताता सेवेरो उसळला. "ट्रकची केली, शाळेच्या घंटेची केली, माझ्या नव्या कवळीचीसुद्धा केली! तुझी पेटी काय पोपच्या घरून आलीय?"

"करू द्या! करू द्या!" बायका ओरडल्या. धरणीमायेला नाही म्हणायची ह्या गावात सोय नाही. इंजिनियर पेटी उचलायला वाकले. फाउस्टिनोनं टेबलावर नुसता हात ठेवला. तो हात बघून ते सरळ झाले.

नेमेसियानं पहिला थेंब जमिनीला दिला. मग बाटली कलती करून पेटीवर धरली. फेस एका मुठीवरून झाकणावर पसरला, झाकणावरून दुसऱ्या मुठीपर्यंत गेला.

दिवा पेटला.

मुठींना कुणाचाच हात नव्हता.

"साहेब," नेमेसिया म्हणाली, "बिअरला कुठला आजार झाला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण हसू पुढं सरकलं नाही. लोकांचे चेहरे बदलत होते.

फाउस्टिनोनं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. चार स्क्रू, आणि तळाची फळी निघाली. आत घड्याळात असते तसली नखाएवढी बॅटरी, मसुराएवढा, बारीक वीज मोठी करणारा एक सुटा भाग आणि दोन वायरी. बस. लिथियम म्हणाल तर त्या बॅटरीत असेल तेवढंच.

"तार नाही, प्लग नाही," बेनिता म्हणाली. "लपवलेली बॅटरी मात्र आहे. ओला खारट हात दोन्ही मुठींना लागला की त्यातून वीज वाहते आणि दिवा लागतो. हात धुऊन कोरडे केले की वाट बंद, दिवा बंद. आणि ह्या गावात हात कुणाचे खारट नसतात? तुमच्या कष्टालाच ह्यानं आजार ठरवलं!"

"पण… पेटंट?" एका बाईनं विचारलं. तिच्या मनगटावर पट्टी होती.

बेनितानं बाक ओढला, वर चढली आणि चौकट खाली काढली. एवढ्या दिवसांत तो कागद पहिल्यांदाच कुणीतरी वाचत होतं. "ही अर्ज मिळाल्याची पोच आहे. अर्ज कशाचा, तर 'पेटीच्या बाहेरील आकाराचा'. आजाराचं अक्षरही नाही. आणि खरंखुरं पेटंट असतं तरी काय? पेटंट म्हणजे 'हे माझं' असं सांगणारा कागद. ह्यानं माणूस बरा होतो, असं तो सांगत नाही. ते माणसांवर तपासून, मापून, पुन्हा पुन्हा बघूनच कळतं."

इंजिनियर मागच्या दाराकडे सरकत होते. दारात ताता सेवेरो काठी आडवी धरून उभा होता. "बसा, साहेब. पोलीस येईपर्यंत तुमची बॅटरी जपायला हवी."

लोक त्यांच्यावर धावणार होते. नेमेसिया मध्ये उभी राहिली.

"मारू नका त्याला," ती म्हणाली. "मार खाऊन तो पुढच्या गावात जाईल आणि तिथंही दिवा लावील. आधी मला सांगा, ह्यानं आपल्याला फसवलं की आपण फसायला रांग लावली? कागदाला बोट लावून कपाळाला लावलं, पण कागद वाचला का? मीही लावलं. मी रोज प्रार्थना करते, उपास करते, मरेपर्यंत करीन. पण कुठल्या संतानं सांगितलंय, की पोरीचं औषध बंद कर आणि प्रश्न विचारू नकोस? देवाला प्रश्न विचारलेला चालतो. प्रश्न न चालणारा हाच एक होता. ह्या सभागृहातल्या किती जणांनी गोळ्या टाकल्यात? हात वर करा. लाज नका धरू. माझी पोर ट्रकमध्ये निपचित पडली होती, तेव्हा मी लाज संपवून आलेय."

 मग ताता सेवेरोनं काठी बगलेत धरून हात वर केला. "रक्तदाबाच्या. लामांच्या गोठ्यात फेकल्या." मग दुसरा हात. मग सात. मग तेरा. ते पांढरे हात बघून बेनिता नावं लिहायची वही काढायला विसरली आणि तिला रडू फुटलं.

सोमवारी लुस्मिला घरी आली. संध्याकाळी पेनचं खोकं उलटसुलट करताना ती थबकली. "आई, ह्याच्यावरपण पेटंटचा नंबर आहे!"

फाउस्टिनो दचकला. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"असू दे," नेमेसिया म्हणाली. "नंबर बघून नाही टोचायचं. मापायचं यंत्र आण. आधी मापू, जेवल्यावर दोन तासांनी पुन्हा मापू. आकडा ठीक राहिला, तर खरं."

फाउस्टिनोनं ह्या वेळी तोंड फिरवलं नाही. सुई त्यानं स्वतः दिली.

जेवून दोन तास झाल्यावर त्यांनी पुन्हा मापलं. आकडा ठीक होता.

मग नेमेसियानं हात धुतले आणि मेणबत्ती लावली.