चौऱ्याहत्तरावी ओळ

मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला लाकडी मोगरीने मारलं. एकदा नाही, चार वेळा, आणि पाचव्यांदा हात उचलला होता. माझं डोकं तापट आहे हे सगळ्या घराला ठाऊक आहे. धंद्याने सुतार, रंध्याखाली गाठ आली तर मी लाकडाशीही भांडतो. दादा माझ्या अगदी उलट. छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता त्याचे केस पांढरे झाले, पण आवाज कधी चढला नाही. अशा माणसाशी भांडण्यातही मजा नसते.

दुर्बीण मी बनवली, यादी त्याने आणली. मेसिए नावाच्या जुन्या फ्रेंच माणसाला धूमकेतू शोधताना अंधूक ठिपके आडवे यायचे, त्यांची ही यादी. तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका, सगळं मिळून एकशे दहा. हौशी लोक ती एकेक करून संपवतात. आम्ही तीन हिवाळे तिच्या मागे हात धुऊन लागलो होतो, आणि त्याला कारण माझे डोळे. काचबिंदू. तो नजर कडेकडून खात येतो, आणि अंधूक दीर्घिका तर कडेच्या नजरेनेच दिसते. थेट पाहिलं की विरून जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "जे पाहायचं ते दोन-तीन वर्षांत पाहून घ्या." दवाखान्याच्या पायरीवर दादा म्हणाला, "तू बघ, मी लिहितो. पुढे तुला वाचून दाखवीन." त्या एका वाक्यावर मी तगून होतो.

त्याने छापखान्यातून एक वहीच करून आणली. काळ्या शाईत छापलेले नंबर आणि पुढे शेऱ्याचा लांब रकाना. टेकडीवर तो माझ्या शेजारी बसून चिठोऱ्यावर पेन्सिलीने लिहायचा आणि सकाळी घरी वहीत पक्कं करायचा. वही कधी वर आणत नसे. दवाने पानं फुगतात, म्हणायचा. पुढे तो वाचून दाखवणारच होता, म्हणून मीही ती घरी कधी उघडली नाही.

एकशे नऊ झाली. उरली ती चौऱ्याहत्तर नंबरची दीर्घिका, मीन राशीतली, सगळ्या यादीत छळवादी. मागच्या वर्षीही तिने तोंडाला पानं पुसली होती. फेब्रुवारी संपत आला होता. आठवड्याभरात ती मावळतीच्या उजेडात बुडणार होती, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत माझे डोळे थांबतील याची खात्री नव्हती. वहिनीने व्हॅन चालवत आम्हाला वर आणलं आणि ती आतच बसून राहिली. मी मोगरीने पाचरी ठोकून दुर्बिणीचा पाया सपाट केला, अर्धा तास डोळे अंधारात मुरवले. त्या दिवशी दादाने वही आणली होती. "शेवटची ओळ तू तुझ्या हाताने लिही," म्हणाला आणि चहा आणायला व्हॅनकडे गेला.

मी गळ्यातली लाल बॅटरी लावली. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत, म्हणून आम्ही दुसरा उजेड लावतच नाही. वही उघडली. नंबर काळे, ठळक. समोरचा रकाना कोरा. पान उलटलं, कोरं. शेवटपर्यंत कोरं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन हिवाळे मी "लिहिलंस?" विचारत होतो आणि तो "लिहिलं, लिहिलं" म्हणत होता. म्हणजे मला लहान पोरासारखं खेळवत होता. आंधळ्याला काय, मनाला येईल ते वाचून दाखवता येतं!

तो आला तशी मी वही त्याच्या छातीवर फेकली. कप खाली पडले.

"काय लिहिलंस रे यात?"

"असं काय करतोस? सगळं आहे त्यात."

"कुठे आहे? दाखव!" मी त्याची गचांडी धरली. त्याने वाकून वहीकडे पाहिलं आणि तो हसला. हसला तो!

"अरे वेड्या, पांढरा उजेड लाव. थांब, माझ्या खिशात बॅटरी आहे."

पांढरा उजेड! एकदा तो डोळ्यांवर पडला की पुन्हा अर्धा तास काही दिसणार नाही, आणि तोवर चौऱ्याहत्तर क्षितिजाच्या धुरकटात गेलेली. मला वाटलं, आपली लबाडी झाकायला हा माझी शेवटची संधीही मारतोय. मोगरी हाताशीच होती. पहिला फटका मनगटावर बसला, बॅटरी उडाली. मनगट मोडलं ते मला ऐकू आलं. वाळलेली फळी तशीच मोडते. दुसरा खांद्यावर. तो गुडघ्यांवर आला तरी "उजेड लाव रे, उजेड" चालूच. तिसरा आणि चौथा तोंडावर. माझ्या गळ्यातल्या लाल उजेडात त्याचं तोंड नुसतं ओलं दिसत होतं. मला तो घाम वाटला.

वहिनी किंचाळली आणि गाडीचे दिवे लागले.

दादाच्या तोंडावरून रक्ताचे ओघळ शर्टात उतरत होते. पायाशी वही उघडी पडली होती, आणि तीही लाल. ओळीन् ओळ लिहिलेली, बारीक, सुंदर अक्षरात. मुद्रितं तपासणाऱ्याची सवय. पक्कं लिहायचं ते लाल शाईने. लाल उजेडात लाल शाई दिसत नाही, हे आमच्या आकाशदर्शन मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल. नवख्यांना तर मीच सांगत आलोय.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर वहिनीने वही माझ्या मांडीवर टाकली.

"वाच," ती म्हणाली. "डोळे आहेत तोवर वाच."

मी वाचत गेलो. तेरा नंबर: 'हा म्हणतो, काळ्या ताटात मीठ सांडलंय. फार खूश.' सत्तावन्न: 'आज पाऊण तास लागला. तीन शिव्या, दोन मला.' तीन वर्षं मी जे जे बोललो ते ते त्याने टिपलं होतं. मग चौऱ्याहत्तरावी ओळ आली. मला वाटलं होतं, ती तरी कोरी असेल. तिथे मागच्या वर्षीची तारीख होती.

'मला दिसली. अगदी पुसट, उजव्या डोळ्याने, तिरकं पाहिल्यावर. माझा डावा त्या कामाचा नाही. याला दिसली नाही. मी बोललो नाही. आधी याने पाहावी, मग सांगेन.'

दार उघडलं. डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. जिवाला धोका नाही म्हणाले, मनगट जुळेल म्हणाले.

"एक डोळा मात्र काढावा लागला."

"कुठला?" वहिनीने विचारलं.

"उजवा."