डाव्या काचेचा सांधा

शनिवारी सकाळी सहाच्या सुमारास स्वानंदने पल्लवीला हलवून जागं केलं.

"ऊठ. टाकी गळतेय."

ती अनवाणीच हॉलमध्ये धावली. चार फुटी टाकीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं. डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून बारीक धार लागली होती आणि पाणी बाल्कनीच्या दारापर्यंत पसरलं होतं. स्वानंदने धारेखाली बादली लावली होती, जमिनीवर जुन्या चादरी टाकल्या होत्या. उरलेल्या पाण्यात भैरू तिरका होऊन काचेला अंग घासत होता.

भैरू म्हणजे पल्लवीचा ऑस्कर मासा. काळाभोर, अंगावर शेंदरी चट्टे, म्हणून भैरू. जालन्याहून पहिल्या नोकरीसाठी ती हिंजवडीत आली, तेव्हा एका रविवारी तिने अंगठ्याच्या पेराएवढं पिल्लू आणलं होतं. आता तो वीतभराहून मोठा झाला होता. अकरा वर्षांत तिने तीन भाड्याची घरं बदलली, लग्न केलं, किमया झाली आणि नेऱ्यात तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट झाला. प्रत्येक वेळी सामान टेम्पोतून जायचं आणि भैरू तिच्या मांडीवरच्या टबातून.

दोघांनी मिळून त्याला जाळीने उचललं. बाल्कनीतल्या निळ्या पिंपात टाकीतलंच पाणी भरून त्यात सोडलं, हवेचा पंप लावला. तो तळाशी जाऊन निपचित पडला. पल्लवीला रडू फुटलं. स्वानंदने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिला.

"सांध्यातलं सिलिकॉन जुनं झालं गं. अकरा वर्षं म्हणजे काही कमी नाहीत."

"बरं झालं तू लवकर उठलास."

तो चहा ठेवायला उठला.

चहा घेताना त्याने विषय काढला. त्याच्या ऑफिसातल्या एकाचं कोळवणला फार्महाऊस होतं, तिथे शेततळं होतं. भैरूला तिथे सोडता येईल, तो माणूस कधीही आणा म्हणत होता.

"तू त्याला विचारलंस पण? कधी?"

"मघाशी मेसेज टाकला."

"तिथे सोडला तर तळ्यातला एक मासा शिल्लक ठेवणार नाही हा. आणि थंडीत मरेल." पल्लवीने कप खाली ठेवला. "मी टाकी दुरुस्त करते. सिलिकॉनच काढून परत भरायचंय."

"एवढा व्याप करण्यापेक्षा…"

"माझा मासा आहे स्वानंद. मी करीन व्याप."

रविवारी ती टाकी रिकामी करून, पुसून, बाल्कनीत जाड गोधडीवर आडवी घालून बसली. हार्डवेअरच्या दुकानातून साध्या सिलिकॉनच्या दोन नळ्या आणि ते भरायची गन आणली होती. दुकानदार बाथरूमचं, बुरशी न धरणारं सिलिकॉन पुढे करत होता. तिने घेतलं नाही. त्यातलं औषध पाण्यात उतरतं आणि मासा जातो, हे तिला माहीत होतं. नव्या सिलिकॉनला जुनं चालत नाही, ते जुन्यावर धरतच नाही. म्हणून आतल्या कडांवरचा सगळा थर पात्याने खरवडून काढायचा होता.

मागची कड निघाली, समोरची निघाली. म्हातारं सिलिकॉन काचेपासून सुटतं तेव्हा कडेने पापुद्र्यासारखं उचलून येतं. डाव्या कोपऱ्यात मात्र ते काचेला घट्ट धरून होतं, आणि त्याच्या बरोब्बर मधोमध बोटभर लांबीची चीर होती. सरळ, एका रेषेत. ती नखाने उघडून पाहिली तर पलीकडचा उजेड दिसला. ती चीर बाहेरून आत आली होती.

तिने स्वानंदला हाक मारली. तो हॉलमध्ये त्याच्या विमानाला चाकं लावत होता. लाकडी पट्ट्यांची छोटी विमानं बनवायचा त्याला नाद होता, आठ-दहा विमानं छताला टांगलेली होती.

"हे बघ. हे फाटलेलं नाहीये. कापलंय."

त्याने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लिलाबाई," तो म्हणाला. "बाहेरून पाण्याचे पांढरे डाग पडतात ना तिथे, ते सुरीने खरवडत असते ती. मी दोनदा बघितलंय. पातं शिरलं असेल सांध्यात."

"मला कधी दिसलं नाही."

"तू घरी असतेस कुठे त्या वेळेला? मी असतो."

ते खरं होतं. आठवड्यातले तीन दिवस त्याचं घरून काम असायचं.

लिलाबाई डोंगराकडच्या वाडीवरून रोज चालत यायच्या. चार वर्षं त्यांच्याकडे कामाला होत्या, किमया त्यांना मावशी म्हणायची. सोमवारी त्या फरशी पुसत असताना पल्लवी ऑफिसला निघता निघता थांबली.

"लिलाबाई, एक विचारू? रागावू नका. टाकीच्या काचेवरचे डाग तुम्ही कधी सुरीने काढले होते का?"

"सुरीनं? न्हाय ताई. वल्या फडक्यानं पुसते मी. सुरी कशाला लावू?"

"चुकून लागली असेल तरी सांगा. मी काही म्हणणार नाही."

लिलाबाई उठून उभ्या राहिल्या. फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं.

"कुणी सांगितलं तुमास्नी?"

लिलाबाईंनी एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत स्वानंद कुणाशी तरी फोनवर इंग्रजीत बोलत होता.

"मी न्हाय केलं," एवढंच म्हणून त्यांनी राहिलेली फरशी पुसली, पदराला हात पुसले आणि निघाल्या. मंगळवारी त्या आल्या नाहीत. बुधवारीही नाही. फोन लावला तर बंद.

"बघ," स्वानंद म्हणाला, "खरं बोलत असती तर आली असती."

पल्लवीने आठवडाभर स्वतःच भांडी घासली. भैरूला पिंपात कोळंबी टाकायची तर तो तोंड फिरवायचा. गुरुवारी त्याने पहिल्यांदा एक उचलली.

चीर सांध्यातच होती, म्हणजे नुसती आतली कड भरून भागणार नव्हतं. डावी काच पूर्ण सोडवून नव्याने चिकटवावी लागणार होती. ते एकटीचं काम नव्हतं. शनिवारी दुपारी किमया खाली खेळायला गेल्यावर तिने स्वानंदला बोलावलं.

"तू काच धर. दोन्ही हातांनी, वरून आणि खालून. सुटली तर थेट पायावर येईल."

तो गुडघ्यावर बसला. दोन्ही तळवे पसरून त्याने काच धरली. पल्लवीने बारीक तार दोन काचांच्या मध्ये घातली आणि करवतीसारखी ओढत ओढत वरून खाली आणली. सिलिकॉन कुरकुरत कापलं जात होतं. तळाशी चार बोटं उरली असताना तार अडली. तिने जोर लावला, तार पुढे जाईना.

"खडा आहे काहीतरी."

ती पालथी झाली. मोबाईलचा दिवा लावला. सांध्यात काहीतरी काळं चमकत होतं. चिमट्याने धरून तिने ते हळूहळू बाहेर ओढलं.

पात्याचं टोक होतं. अर्ध्या नखाएवढं, काळं, अगदी निमुळतं.

घरात काळ्या पात्याचा एकच कटर होता. स्वानंदने तो विमानांच्या पट्ट्या कापायला मुद्दाम मागवला होता. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालायचा नाही. किमयाने एकदा त्या कटरने पुठ्ठा कापला तर स्वानंदने तिला दिवसभर बोलून घेतलं होतं. कटर कपाटातल्या कुलपाच्या कप्प्यात असायचा.

पल्लवीने चिमटा वर धरला. स्वानंद बघत होता. त्याचे दोन्ही हात काचेला होते, ते सोडता येत नव्हते.

"लिलाबाईंकडे कपाटाची किल्ली होती का रे?"

त्याने नजर काचेकडे वळवली.

"स्वानंद."

"पल्लवी, आधी काच खाली ठेवू या."

"नाही. असंच सांग."

पिंपातल्या पंपाचा बुडबुड आवाज चालू होता.

"बाबा येतायत," तो शेवटी म्हणाला. "कायमचे. पुढच्या महिन्यात. सोलापूरला आता एकटं राहणं होत नाही त्यांना. तुला माहितीये ते कसे आहेत. गळ्यात माळ. घरात कांदासुद्धा चालत नाही त्यांना चातुर्मासात. आणि आपल्या फ्रीजमध्ये भैरूसाठी कोळंबी, कोंबडीचं काळीज. हॉलमध्ये तो वास."

"मग?"

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"बाबा म्हणाले का, मासा काढा?"

"नाही."

"तू त्यांना विचारलंस?"

"नाही."

"मला विचारलंस?"

"मला वाटलं, टाकी गेली की विषय आपोआप संपेल. भांडण नको होतं मला. भैरूला काही होऊ नये म्हणून तर मी सकाळी तिथेच बसून होतो. बादली लावून. अर्धं पाणी गेल्यावर तुला उठवलं."

पल्लवीच्या डोळ्यांसमोर ती सकाळ आली. हा माणूस पातं घेऊन वाकला होता, नंतर पाणी जाताना बघत बसला होता, आणि मग आत येऊन तिला हलवून उठवलं होतं. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. बरं झालं तू उठलास, असं म्हणाली होती. पाठीवर फिरणारा तो हात आठवला.

"मी रडत होते," ती म्हणाली. "तू थोपटत होतास मला."

"मला वाईट वाटलं होतं. खरंच."

"आणि लिलाबाई?"

"ते तोंडातून निघून गेलं. तू एकदम ती चीर दाखवलीस…"

"दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं तेव्हा तू आत होतास. दार उघडं होतं. तेव्हा तोंडातून काहीच निघालं नाही."

तिने उरलेला सांधा कापला, काच स्वतःकडे घेतली आणि गोधडीवर ठेवली. स्वानंद हात चोळत उभा राहिला.

"सॉरी, पल्लवी. नवीन टाकी आणतो. याच्यापेक्षा मोठी."

"किमयाला तू सांगायचंस. आज. आणि लिलाबाईंकडे जाऊन त्यांनाही सांगायचंस."

"किमयाला कशाला? लहान आहे ती."

"मावशीने टाकी फोडली असं तिला वाटतंय. तेवढी मोठी आहे."

संध्याकाळी त्याने किमयाला सोफ्यावर बसवून सांगितलं. पल्लवी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. नऊ वर्षांच्या किमयाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग तू मावशीचं नाव का घेतलंस?" ती उठून बाल्कनीत पिंपापाशी जाऊन बसली.

लिलाबाईंकडे मात्र तो गेला नाही. रविवारी सकाळी म्हणाला, फोन करतो. मग म्हणाला, त्या उचलत नाहीत. पल्लवीने स्कूटर काढली.

वाडीच्या खालच्या खाचरात भाताची झोडणी चालली होती. लिलाबाई चार बायकांबरोबर रोजावर होत्या. पल्लवीला बांधावर पाहून त्यांनी हातातली पेंढी दगडावर आपटून पुरी केली, मगच आल्या. डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं.

"तुम्ही नाही केलंत," पल्लवी म्हणाली. "स्वानंदने केलं. स्वतःच्या हाताने. आणि तुमच्यावर ढकललं. मी त्याचं ऐकलं. माझी चूक झाली लिलाबाई."

"सायेब आले न्हाईत?"

"नाही."

"मंग तुमी कशापायी आलाव?"

"मी विचारलं होतं ना तुम्हाला."

लिलाबाईंनी हातातलं फडकं झटकलं. "इचारल्याचं काय न्हाय ताई. कामावर इचारत्यात. पर तुमी इचारताना माज्या तोंडाकडं बघितलं न्हाय. हाताकडं बघत व्हता. चार वरसं त्याच हातानं पोरीची येणी घातली मी."

पल्लवीने मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"मासा जगला का?"

"जगला. खातोय आता."

"बरं झालं."

"परत याल का? मी त्याच्या वतीने नाही विचारत. माझ्याकडून विचारतेय."

"आता न्हाय. भात झोडून व्हईस्तवर हितंच हाय. मागनं वाडीतल्या रेश्माच्या वळखीनं घोटावड्याच्या कंपनीत डबे भरायचं काम हाय, तितं बघते." त्या परत फडकं बांधू लागल्या. "पोरीला म्हनावं सुट्टीला ये. भात दाखवीन तिला."

घरी येऊन पल्लवीने काच धरायला स्वानंदला घेतलं नाही. शेजारच्या इमारतीतल्या रजनीला बोलावलं, ती पल्लवीच्याच ऑफिसातली. दोघींनी स्पिरिटने कडा पुसल्या, दोन्ही अंगांना कागदी टेप लावली, सिलिकॉनची सलग रेघ ओढून काच बसवली आणि ती दोरीने आवळून बांधली. मग आतल्या चारही कडा. ओल्या बोटाने रेघ दाबून पल्लवीने लगेच टेप ओढून काढली. घरभर व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला. रजनीने विचारलं, स्वानंद कुठेय? पल्लवी म्हणाली, आत आहे.

सिलिकॉन वाळायला तिने पूर्ण आठवडा दिला. त्या आठवड्यात ती किमयाच्या खोलीत झोपली. दादासाहेबांना, म्हणजे सासऱ्यांना, तिने स्वतः फोन केला आणि फ्रीजमध्ये काय असतं ते सरळ सांगितलं. मग ते म्हणाले, "माझ्यासाठी वेगळा छोटा फ्रीज घ्या, झालं. मुक्या जिवाला उपाशी ठेवता का?" हे तिने स्वानंदला सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला.

पाणी भरायचा दिवस आला. टाकी परत जागेवर ठेवली होती, खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरलं होतं, एक थेंब पडला तरी दिसावा म्हणून. पल्लवी रिकामी बादली उचलायला वळली तर स्वानंद बाथरूममधून भरलेली बादली घेऊन येत होता. हॉलच्या उंबऱ्यापाशी तो थांबला. आत आला नाही. बादली खाली ठेवली आणि रिकामी घेऊन परत गेला.

तिने ती उचलून टाकीत ओतली. त्याने दुसरी आणली. अठरा बादल्या लागल्या. प्रत्येक वेळी तो उंबऱ्यापर्यंत आला, प्रत्येक वेळी तिने तिथून पुढे नेली. वर्तमानपत्र कोरडं राहिलं.