खरकट्यातली विहीर

मी कारखान्याच्या खानावळीमागचा ड्रम बोलतोय. आधी मी तेल वाहिलं. मग कुणीतरी माझं डोकं कापून त्यावर झाकण बसवलं आणि मी खरकट्याचा झालो. माझ्याजवळून जाताना माणसं नाक दाबून धरतात. सवय झाली आहे मला.

खानावळ ताई चालवते. भाजी तिचा धाकटा भाऊ स्वतःच्या मळ्यातून आणतो. कामगार ताट भरभरून घ्यायचे आणि निम्मं टाकायचे. मटार, भात, नुसते चाखलेले मटणाचे तुकडे, सगळं माझ्या पोटात. आत काहीतरी झुळझुळायचं. मला वाटायचं, अन्न आंबतंय.

एका दुपारी भाऊ पोतं उतरवून मला टेकून बसला, आणि बसल्या जागी थिजला.

"ताई, इथे कान लाव."

तिनं लावला. आत खोलवर रहाट करकरत होता.

"हा आपल्या विहिरीचा रहाट आहे," तो हळूच म्हणाला. "असा कण्हणारा दुसरा नाही."

ताईनं झाकण काढून हात घातला. वर भात होता, पण हात बाहेर आला तो कोपरापर्यंत ओला, गार आणि स्वच्छ. एक शीतही चिकटलं नव्हतं.

मग भावानं सांगितलं की विहिरीचा तळ दिसू लागलाय. मटारापेक्षा भात जास्त पाणी पितो, आणि मटण तर त्याहून जास्त, कारण जनावराच्या चाऱ्यालाही पाणीच लागतं. टाकलेल्या घासाबरोबर ते पाणीही वाया जातं.

ताईनं वाढायचे डाव लहान केले. मटण कमी केलं, कडधान्यं वाढवली. हात आखडला म्हणून कामगार कुरकुरले. ती एवढंच म्हणाली, "पुन्हा पुन्हा मागा, पण टाकू नका."

हळूहळू मी रिकामा राहू लागलो. भावाकडून येणारा मालही कमी झाला. त्यानं मळ्याचा एक तुकडा पडीक ठेवला. विहीर भरली नाही, पण पाणी उतरायचं थांबलं.

आज मोठ्या साहेबांच्या निरोपाची मेजवानी झाली. स्वयंपाकी बाहेरचे होते. ताटंच्या ताटं माझ्यात रिकामी झाली. ताई आणि भाऊ माझ्याशेजारी उभे राहून ऐकत होते. या वेळी पाणी वाजलं नाही. आत बादली कोरड्या दगडावर आपटत होती.

भाऊ मळ्याकडे धावत सुटला.

तो अजून परतलेला नाही. ताई दाराशी उभी आहे. आणि माझ्या पोटात बादली अजून आपटतेच आहे. तुमच्या ताटात काही उरलं असेल, तर कृपा करून माझ्याकडे आणू नका.