एक बोट मोठा कूलर

मोताळ्यात कूलर पट्टीनं मोजत नाहीत, शेजाऱ्यावरून मोजतात. "शेषरावच्या कूलरपेक्षा एक बोट मोठा!" एवढं सांगून गिऱ्हाईक निघून जायचं आणि महादेवराव पत्रा कापायला घ्यायचे. बोटाबोटानं कूलर इतके वाढले, की परवा एकाच्या पोटात लग्नाची पंगत उठली. खोटं वाटत असेल तर वाढप्याला विचारा.

महादेवरावांची पोरगी पुष्पांजली या बोटांना विटली. तिनं मोबाईलवर सोय केली: खोलीची लांबी-रुंदी टाका, पंखा, टाकी, रंग निवडा, समोर कूलरचं चित्र तयार, आणि कारखान्यात तसाच बनणार. शेजाऱ्याला त्यात जागाच नव्हती.

"गिऱ्हाईक तोडशीन तू!" महादेवराव कडाडले. "पंजाबरावनं यावर घेतला तं ठेव. नाई तं पुन्हा तोंडी."

"मंजूर."

पंजाबराव म्हणजे शेषरावांचे भिंतीला भिंत शेजारी. त्यांनी मोबाईल उलटासुलटा पाहिला.

"पोरी, यात शेषराव कुठी हाय?"

"नाई काका. तुमची खोली टाका."

"मोठ्या खोलीले मोठा कूलर?"

"हाव."

पंजाबरावांनी मिशीत हसत खोलीच्या जागी अख्ख्या वावराचं माप टाकलं. चित्र पडद्यात मावेना.

"मर्यादा नाई घातली काय?" महादेवराव ओरडले. "बंद कर ते!"

"चुकलं माह्यं. आजच घालतो. पण काकांनी दाबलं ते बनणार, बाबा!"

बनलाही. नेताना रस्त्याकडेच्या बाभळी अंग चोरून उभ्या राहिल्या. दारातून जाईना, म्हणून अंगणात ठेवला. बटण दाबताच वाळत घातलेल्या कुरड्या उडाल्या, त्या पार लांब डोणगावात पडल्या. भर मे महिन्यात गल्लीनं गोधड्या काढल्या. वाऱ्याचं तोंड नेमकं शेषरावांच्या खिडकीत! त्यांनी आपला कूलर बंद केला आणि भिंतीवरून मुंडकं काढलं.

"पंजाबराव, जरा हळू करा ना जी! सर्दी होऊन राह्यली."

आपल्या विजेवर शेषराव फुकटात गारठतोय, हे मात्र पंजाबरावांना झोंबलं. दुसऱ्या सकाळी ते कारखान्यात हजर.

"महादेवराव, तो डोंगर कापा. खोलीपुरता बनवून द्या."

महादेवरावांचा हात सवयीनं पत्र्यावर खूण करायच्या खडूकडे गेला. पुष्पांजलीनं खडू आधीच उचलला आणि मोबाईल पुढे केला.

"काका, खोलीची लांबी?"

पंजाबरावांनी आशेनं महादेवरावांकडे पाहिलं. महादेवरावांनी खुंटीवरची मोजायची टेप काढून त्यांच्या हातात दिली.

"माह्याकडे काय पाह्यता? घरी जा, मोजून या."