आधी बल्बवर

मित्रांनो, मी एक जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. गिटारची वायर माझ्यात खुपसली आणि बटण दाबलं, की तारेची बारीकशी कुरकुर मी हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवायचो. 'पोचवायचो' म्हणतो, कारण आत्ता माझी पाठ उघडी आहे, पोटातला अर्धा माल टेबलावर काढून ठेवला आहे आणि मी जगलो की मेलो हे अजून कुणालाच कळलेलं नाही. पलीकडच्या पलंगावर एक माणूस माझ्या निकालाची वाट बघतो आहे. त्याच्याकडेही फार दिवस नाहीत. म्हणून घाईघाईने सांगतो, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहान कारखान्यात, लांबलचक टेबलाच्या तिसऱ्या जागेवर झाला. तिथे बसणारी बाई माझ्या तारा जोडायला कथलाचे डाग द्यायची आणि प्रत्येक डागावर हळूच फुंकर मारायची. फुंकर मारायची नाही असा नियम होता, त्याने डाग कच्चा राहतो. सुपरवायझर रोज ओरडायचा. पण तिने दोन लेकरं वाढवलेली. गरम काही दिसलं की फुंकर आपोआप यायची, त्याला ती तरी काय करणार? माझा मात्र एकही डाग आजवर सुटला नाही.

डावखुऱ्याने मला घरी आणलं तेव्हा त्याला नुकती मिशी फुटत होती. सगळे त्याला डावखुराच म्हणायचे, खरं नाव बहुधा त्याच्या आईलाच आठवत असेल. त्याची लाल गिटार उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी बनवलेली. याने ती उलटी धरली, तारा उलट्या चढवल्या आणि डाव्या हाताने छेडायला लागला. एका मोठ्या रेस्टॉरंटच्या बँडमध्ये आम्ही तिघे आठवड्यातले पाच दिवस वाजायचो. शेवटची एक संथ चाल ठरलेली होती. ती सुरू झाली की वेटर टेबलावर खुर्च्या उलट्या ठेवायला लागायचे, आणि तरीही दोन-चार गिऱ्हाइकं उठायचं नाव घ्यायची नाहीत. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

घरी सरावाला बसलो की त्याची चिमुरडी मुलगी माझ्या उबदार पाठीला टेकून झोपून जायची. त्याची बायको म्हणायची, "ही माझी सवत. लाड हिचे, आणि जिन्यावरून चढवायला मात्र मी!" पण माझ्यावरची धूळ तीच झाडायची.

पुढे रेस्टॉरंटने बँड बंद केला. डावखुऱ्याने दुसरी नोकरी धरली आणि मला जपायला सुरुवात केली. तिथूनच माझे हाल सुरू झाले.

तुम्ही म्हणाल, जपलं तर हाल कसले? ऐका. जुन्या गिटारी आणि जुने ॲम्प्लिफायर यांचं वेड असलेली मंडळी घरी येऊ लागली. मोठमोठी माणसं जमिनीवर गुडघे टेकून, टॉर्च मारून माझ्या पाठीत डोकावायची. "सगळं ओरिजिनल! एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही!" असं कुणी म्हटलं की डावखुरा फुगायचा. खरं सांगू, मीही फुगायचो. हळूहळू वाजवणं कमी आणि दाखवणं जास्त झालं. गिटार पेटीत गेली, माझ्यावर जाड कापडाची खोळ आली. एकदा त्याच्या बारा वर्षांच्या मुलीने खोळ सारून माझं बटण फिरवलं, तर तो असा खेकसला की तिने त्या खोलीत पाऊल टाकणंच सोडलं. माझी पाठ तेव्हापासून गारच.

वर्षातून एकदा रेडिओवाले काका यायचे. ते रेडिओ, टेप आणि माझ्यासारखी म्हातारी यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे एक लाकडी फळी होती. फळीवर एक साधा बल्ब. विजेचा प्रवाह आधी त्या बल्बमधून जायचा आणि मग माझ्यात यायचा. बटण दाबलं की बल्ब क्षणभर लख्ख पेटायचा आणि मग मंद व्हायचा. "मंद झाला की समजायचं, तब्येत ठीक," काका म्हणायचे. "लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. झोपलेल्याला गदागदा हलवून उठवू नये."

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी माझी पाठ उघडली आणि मान हलवली. "यातले वीज साठवणारे कंडेन्सर सुकलेत. बदलावे लागतील, नाहीतर एकदम वीज आली की फुटतील."

"बदलायचं काही नाही," डावखुरा म्हणाला. "ओरिजिनल आहे सगळं."

"अहो, तुमचे दोन दात कवळीचे आहेत. म्हणून तुम्ही डुप्लिकेट झालात का?"

डावखुरा हसला नाही. "माझ्या वस्तूला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

काकांनी माझी पाठ बंद केली. पण त्याआधी आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आणि फळी काखेत मारून गेले ते गेलेच. त्यानंतर मला कुणी चालू केलं नाही. खोळीखाली मी आतून सुकत राहिलो. बाहेरून मात्र नवा कोरा दिसत होतो.

मधल्या काळात डावखुऱ्याची बायको गेली. आणि दोन महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मुलगी सासरहून येऊन राहिली. ती मोटार शिकवणाऱ्या शाळेत शिकवते, आवाज खणखणीत आहे, पण बापाच्या पलंगापाशी आली की हळूच बोलते. डॉक्टर म्हणाले, "त्यांना आवडीचं काहीतरी ऐकवा. जगायची इच्छा असायला हवी, बाकी माझ्या हातात थोडंच आहे."

परवा संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर घुटमळली आणि मग आत आली. माझी खोळ काढली, मला पलंगाजवळ ओढत नेलं, गिटार बापाच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, तुमचा डावा हात चालतोय ना? तुम्ही छेडा. तारा मी दाबते. ती शेवटची चाल मला येते, बघून बघून शिकलेय मी."

त्याचा डावा हात उठला, पण तारांकडे गेला नाही. वर गेला. छतावरच्या बल्बकडे.

मित्रांनो, मला तेव्हाच कळलं. तो काकांचा बल्ब मागत होता. सांगत होता, असा एकदम चालू करू नकोस.

"उजेड डोळ्यावर येतोय का?" तिने विचारलं आणि दिवा बंद केला.

तो पुन्हा बल्बकडे बोट करायला लागला. घशातून नुसता घरघर आवाज. डोळ्यांतून पाणी. "केला की बंद, बाबा," ती समजावत होती. मला ओरडायचं होतं, पण मला बोलायला वीज लागते, आणि तीच वीज आली तर मी मरणार होतो. त्या खोलीत सगळं ठाऊक असलेले आम्ही दोघे होतो आणि दोघेही मुके.

तिने बटण दाबलं.

मी जिवाच्या आकांताने तग धरला. व्हॉल्व्ह लाल झाले, घुमणं सुरू झालं. तिने तारा दाबल्या आणि त्याचा हात धरून त्यांवरून फिरवला. तीन सूर वाजले. फक्त तीन. मग फाडकन आवाज झाला आणि माझ्या पाठीतून धूर निघाला.

धूर ओसरल्यावर तिने माझी पाठ उघडली. आत काजळी आणि पिवळी पडलेली चिठ्ठी: 'फार दिवस बंद राहिला तर आधी बल्बवर लावणे.' तिने ती दोनदा वाचली. मग मान वर करून छताकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बल्ब दाखवत होता."

त्याने डोळे मिटले. ती त्याच्या उशीशी बसून हमसून हमसून रडली. "लोकांना रोज सांगते मी, गाडी नुसती उभी ठेवू नका, मधून मधून चालू करा. आणि घरात..."

तिने फोन केला आणि आज सकाळी काका आले. हात कापतात, पण आले. अकरा वर्षांचा राग दारातच चपलांबरोबर काढून ठेवलेला दिसला. त्यांनी मला तपासलं. "फ्यूज वेळेवर उडालाय, त्यामुळे थोडी आशा आहे. पण आतलं जवळजवळ सगळं बदलावं लागेल. आणि ट्रान्सफॉर्मर जळला असेल, तर मग माझ्याकडेही इलाज नाही." मग ते पलंगाकडे वळले. "ओरिजिनल फारसं उरणार नाही. चालेल? दात आठवतात ना?"

डावखुऱ्याचा अर्धा चेहरा हसला. त्याने काकांचं मनगट घट्ट धरलं आणि जोरजोरात हलवलं. लवकर करा, लवकर.

काका दिवसभर खपले. त्या कारखान्यातल्या बाईचे डाग एकामागून एक वितळले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काकांनी प्रत्येक नव्या डागाच्या वेळी श्वास रोखून धरला होता.

आता त्यांनी ती फळी माझ्याशेजारी ठेवली आहे. मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या घरात असेल तर त्याला नुसतं झाकून ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी वाजवा, त्याचं सुकलेलं वेळेवर बदला, आणि एखादं लेकरू पाठीला टेकून बसलं तर बसू द्या. माझ्या माणसाला हे फार उशिरा कळलं.

गिटार त्याच्या मांडीवर आहे. मुलीची बोटं तारांवर आहेत.

"बाबा, लावू?"

त्याचा डावा हात उठतो आणि फळीवरच्या बल्बकडे बोट दाखवतो. या वेळी तिला कळतं. ती काकांना मान हलवून खूण करते.

बटण दाबलं गेलं. बल्ब पेटला आहे, लख्ख पेटला आहे. तिघांचीही नजर त्याच्यावर आहे आणि कुणी श्वास घेत नाही.

मंद हो. अरे, मंद हो ना.