गोप्याचं वजन

सिस्टर मीराबाईंनी काट्यावरून जयूची झोळी उतरवली आणि मान वर न करताच सांगितलं, "सौ ग्राम घट गयी, बाई. दूध पूरा नहीं पड़ रहा."

देवास गेटजवळच्या बालकल्याण केंद्रात बाया आपापली पोरं मांडीवर घेऊन भिंतीकडेनं बसल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. शैलाला पान्हा दाटून आलेला, चोळी भिजलेली, वरून पदर ओढून घेतलेला; आणि ही बाई म्हणते दूध पुरत नाही.

"सिस्टर, ओल बघा ना जरा. ये दूध नहीं तो क्या है?"

"वो मैं क्या जानूँ. काँटा जो बोलेगा, वही मैं बोलूँगी." सिस्टर पुढच्या पोराची कुंची सोडायला लागल्या. "आज से डिब्बा चालू कर दो. ऊपर का मुँह लगा तो छाती का अपने-आप छूट जाएगा."

हे शेवटचं वाक्य शैलाला लागलं. जयू दूध पिताना एक हात मोकळा ठेवायची आणि त्या हाताची बोटं आईच्या मंगळसूत्रात गुंतवून बसायची. ती बोटं आजपासून रबरी बुचाच्या बाटलीवर. का, तर काटा बोलला.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. सगळं घर त्यांना अक्का म्हणे, म्हणून शैलाही अक्काच म्हणे.

"किती भरली?"

"शंभर ग्रॅम कमी म्हणाल्या."

"म्हणजे किती गं? छटाकात सांग."

"दोन छटाकांना जरा कमी."

अक्कांनी एवढंसं तोंड केलं. दुपार कलायच्या आत त्या फ्रीगंजात जाऊन दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन आल्या आणि देवाच्या फळीखालच्या कोनाड्यात ठेवला. शैला काही बोलणार, तोच म्हणाल्या, "माझा वसंत असाच माझ्या मांडीवर वाळत गेला. तेव्हा कुणाकडे काटा नव्हता मला सांगायला. आता आहे, तर ऐकावं माणसानं."

शैला जयूला घेऊन आत गेली आणि तिला पाजलं. डबा मात्र तिनं उघडला नाही.

शरच्चंद्र, तिचा नवरा, वजनमापांच्या खात्यात होता. मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला, पाठोपाठ शेराचा किलो होऊ घातला, आणि दुकानदारांची नवी वजनं तपासून त्यांवर शिक्का मारता मारता त्याच्या हाताला घट्टे पडले. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा शैलानं पोळी वाढता वाढता विचारलं, "अहो, केंद्रातला काटा तुम्ही तपासलाय का?"

"आम्ही दुकानांचे बघतो. दवाखान्यांचे आमच्याकडे येत नाहीत."

"म्हणजे बटाटे तोलायचा काटा खरा हवा, आणि लेकरू तोलायचा कसाही चालतो."

त्याचा घास हातातच राहिला. "तसं नाही गं."

"मग कसं? जयूला तुमच्या काट्यावर ठेवा."

"ती पाय झाडणार, पारडं ठरणार नाही. आणि समजा ठरलं, तरी मागच्या आठवड्याचा आकडा त्या काट्याचा, आजचा आमच्या काट्याचा. दोन्ही शेजारी मांडून काय कळेल? वाढली की घटली, हे त्याच काट्याला विचारायला हवं."

"काट्याला विचारतात कसं?"

आता त्याला रंग चढला. "कचेरी उघडली की आम्ही आधी एक पितळी वजन चढवतो. ते किती आहे, आम्हांला पक्कं ठाऊक असतं. काल एक दाखवलं आणि आज दुसरंच दाखवलं, तर पितळ काही उपाशी राहिलेलं नसतं. काटा बिघडलेला असतो. आणि एकदा चढवून भागत नाही. तीन-चारदा चढवायचं, उतरवायचं. दर वेळी थोडं इकडंतिकडं होतंच. ते इकडंतिकडं किती, हे माहीत नसेल तर आकडा अर्धाच सांगितला म्हणायचा."

"मग मला ते पितळी वजन द्या."

"सरकारी आहे ते. बाहेर नेलं तर मलाच बाहेर नेतील."

अक्का आतून म्हणाल्या, "त्या पोरीला पोटाला द्या आधी. वजनाच्या गप्पा मारून पोट भरत नाही कुणाचं."

सकाळी चटणी वाटताना शैलाचा हात थांबला. हातातला वरवंटा तिनं उलटापालटा करून पाहिला. हाच वरवंटा जयूच्या बारशाला न्हाऊन-माखून कुंची घालून आला होता. बायकांनी त्याला गोप्या म्हणत पाळण्याखालून-वरून फिरवलं होतं, आणि जयूच्या आधी तो पाळण्यात निजला होता. दगडाचा जुळा भाऊ. याला काही दूध कमी पडायचं नाही.

तिनं तो घासून धुतला, उन्हात कोरडा केला आणि डब्याच्या पिशवीत घालून नवऱ्याच्या हातात दिला. "हा तरी सरकारी नाही ना?"

शरच्चंद्रानं पिशवी जोखून पाहिली आणि हसला. संध्याकाळी परत आणून देताना म्हणाला, "तीन किलो दोनशे. दोन-चार ग्रॅम इकडंतिकडं. कचेरीतला सुहास विचारत होता, वहिनींनी किराणा उघडला का म्हणून."

गुरुवारी शैला केंद्रात गेली ती एका काखेत जयू आणि दुसऱ्या काखेत गोप्या घेऊन. गोप्याला तिनं जयूची बारशाची कुंची घातली होती. बायांमध्ये खसखस पिकली.

"ये क्या उठा लायी?" सिस्टर म्हणाल्या.

"हिचा जुळा भाऊ. पहले इसका वजन करो, फिर इसका."

"मज़ाक का टाइम नहीं है मेरे पास. हटो."

"मीही मज़ाकला आलेली नाही. तुम्ही म्हणालात, काँटा जो बोलेगा. मग बोलू द्या त्याला. हा दगड आहे, सिस्टर. हा काही वाळत नाही. सरकारी काट्यावर तीन किलो दोनशे भरलाय. तुमच्या काट्यावर तेवढाच भरला, तर मी आजच डबा उघडते. नाही भरला, तर सांगा मला, मी कुणावर भरवसा ठेवू?"

"लाइन लगी है."

"लगने दो. मी उठत नाही."

आणि ती खरंच काट्याखाली फतकल मारून बसली. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे कर दो ना सिस्टर, पत्थर रोएगा थोड़ी."

सिस्टरनी दात-ओठ खात गोप्याची कुंची सोडली, त्याला झोळीत घातलं, आकड्याला लटकवलं, नेहमीप्रमाणे झोळीचे अडीचशे वजा केले आणि म्हणाल्या, "तीन किलो पचास."

"परत."

"तीन सौ... नहीं, तीन किलो एक सौ."

"आणखी एकदा."

या वेळी पुरे तीन किलो. खोलीत आता कुणी हसत नव्हतं. शैला मात्र जयूकडे पाहत होती. काटा चुकतो हे दिसलं, पण म्हणून जयू वाढली असं थोडंच झालं? काटा खोटा असूनही पोर वाळत असू शकते. तिनं जयूला छातीशी आणखी घट्ट धरलं.

सिस्टर गोप्याकडे पाहत राहिल्या. "आगे-पीछे होता है, वो तो स्प्रिंग है. लेकिन हर बार कम ही कम?" त्यांनी झोळीची कड दोन बोटांत चोळली, आणि एकदम त्यांचा हात थांबला. "पुरानी झोली भैरवगढ़ की मोटी छींट की थी. दोहरी. पिछले हफ़्ते फट गयी तो ये मलमल की डाली." त्या खाली स्टुलावर बसल्या. "और मैं वही ढाई सौ काटे जा रही हूँ."

झोळी हलकी झाली होती. पोरं नव्हती झाली. जुन्या जाड झोळीचं वजन सिस्टर सवयीनं वजा करत होत्या, आणि झोळीतलं जे नव्हतं ते लेकरांच्या अंगातून कापलं जात होतं.

भिंतीकडेची एक बाई उठून उभी राहिली. "तो मेरा गुड्डू भी नहीं घटा?"

मग दुसरी उठली. मग सगळ्याच.

सिस्टरनी हात वर केला. "सबका फिर से होगा. बैठो." मग शैलाला म्हणाल्या, "ला, तेरी वाली दे."

नुसती झोळी लटकवली, ती शंभराच्या आसपास भरली. मग गोप्या, मग जयू, पुन्हा गोप्या, पुन्हा जयू. जयूनं दुसऱ्या खेपेला झोळीतच मुतून ठेवलं, त्यामुळे झोळी बदलून पुन्हा पहिल्यापासून. सगळं झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "बढ़ी है. मोटी झोली वाले वजन से पचास ग्राम. शायद सौ. शायद कुछ भी नहीं. इस काँटे से इससे ज़्यादा मैं नहीं बता सकती."

"एवढंच मला ऐकायचं होतं," शैला म्हणाली. "आता शंभर घटली असं तर कुणी म्हणणार नाही ना? मग मी पाजणार. पुढच्या गुरुवारी येते, तेव्हा बघू."

"डॉक्टरनीजी पूछेंगी."

"त्यांनाही गोप्या दाखवा."

निघताना सिस्टरनी वरवंट्यावर हात ठेवला. "इसको छोड़ जाओ. रोज़ सुबह पहले इसे टाँगूँगी."

शैला क्षणभर घुटमळली. मग तिनं कुंची तेवढी उचलून घेतली.

घरी अक्का पाट्यापाशी बसल्या होत्या. समोर खोबरं, लसूण, मिरच्या. "काय म्हणाली ती?"

"घटलेली नाही. वाढली असेल थोडी. नक्की पुढच्या आठवड्यात कळेल."

"असेल म्हणजे? नक्की नाही?"

"नक्की नाही, अक्का. पण घटली हेही नक्की नव्हतं. तेवढ्यावर मी तिला तोडणार नाही."

जयू चुळबुळत होती. शैलानं खांबाला टेकून पदर घेतला, आणि त्या एवढ्याशा बोटांनी मंगळसूत्र शोधून काढलं. अक्का ते पाहत होत्या. कोनाड्यातल्या डब्याकडे त्यांची नजर गेली आणि परत आली.

"पुढच्या गुरुवारी मी पण येते," त्या म्हणाल्या. "मला बघायचंय काट्याला विचारतात कसं." मग पाट्यावर हात फिरवून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "वरवंटा कुठं गेला गं?"

"नोकरीला लागला," शैला म्हणाली.

अक्का उठल्या आणि माळ्यावरचा खलबत्ता उतरवायला गेल्या.